जुन्या जीपचा डायनॅमो बदलताना तारेचाही विचार करा

नगर जिल्ह्यात आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांच्या दारात आजही जुनी जीप किंवा मॅटाडोर उभी दिसते. काष्टी, घोडेगाव, वाळकी असे बाजार करायचे म्हणजे पहाटे गाठोडी भरायची, दिवसभर पाल टाकून बसायचे आणि अंधार पडल्यावर माल आवरून परत निघायचे. नव्या गाडीचा हप्ता म्हणजे व्याज, आणि व्याजापासून दूर राहावे म्हणून कित्येकांनी जुनीच गाडी सांभाळून वापरणे पसंत केले आहे. हा निर्णय योग्य आहे असे आमचे मत आहे. मात्र जुनी गाडी आणि आजचा वापर यांचा मेळ बसवावा लागतो, आणि तो सर्वांत आधी बिघडतो विजेच्या बाबतीत.

पूर्वी बाजाराच्या गाडीला दोन दिवे आणि एक हॉर्न एवढेच काम होते. आता त्याच बॅटरीवर हॅलोजन दिवे, लाउडस्पीकर, संध्याकाळी पालाखालचे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा डबा, एवढे सगळे चालते. बॅटरी उतरते, सकाळी सेल्फ लागत नाही, धक्का मारावा लागतो. मग कोणीतरी सांगतो, “डायनॅमो काढून अल्टरनेटर टाका.” सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, गाडीचे उस्ताद नव्हे. परंतु कापड आणि ठिणगी यांचे नाते काय असते हे आम्हांला उस्तादांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

प्रथम हिशोब पाहू. व्यापाऱ्याला हिशोबातूनच गोष्ट लवकर पटते. दोन हॅलोजन दिवे डिपरवर ५५ वॅटचे, म्हणजे ११० वॅट. साइड लाइट, टेल लाइट व नंबर प्लेटचा दिवा मिळून सुमारे २५ वॅट. पावसात वायपरचे ४० वॅट धरा. पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइलचे आणखी ४० वॅट. एकूण झाले २१५ वॅट. १२ व्होल्टने भागले की साधारण १८ अँपिअर येतात. त्यात लाउडस्पीकरचे ५ आणि किरकोळ वस्तूंचे २ मिळवा, २५ अँपिअर झाले. आता जमेची बाजू बघा. जुन्या गाड्यांत सर्रास आढळणारा लुकास सी-४० जातीचा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो, तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. गाडी उभी असेल किंवा बाजाराच्या गर्दीतून हळूहळू सरकत असेल तर तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा त्या वेळी मिणमिणतो तो याच कारणाने. म्हणजे खर्च २५ आणि आवक २२ किंवा शून्य. असा धंदा किती दिवस चालेल? फरक बॅटरीच्या भांडवलातून जातो. सतत अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते, आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी भरत नाही.

डायनॅमोची ही कमजोरी त्याच्या बनावटीतच आहे. त्यात वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये, आणि सगळाच्या सगळा प्रवाह कम्युटेटरवरून कार्बनमार्फत बाहेर काढावा लागतो. फार वेगाने फिरवले तर कम्युटेटर टिकत नाही, म्हणून पुली मोठी ठेवून तो सावकाश फिरवतात. सावकाश फिरला की कमी वेगात वीज नाही. अल्टरनेटरमध्ये रचना उलटी केलेली आहे. फिरते ते फक्त चुंबक, वीज तयार होते बाहेरच्या स्थिर वाइंडिंगमध्ये, आणि कार्बनमधून चुंबकापुरता दोन-चार अँपिअरचा प्रवाह जातो. त्यामुळे पुली लहान ठेवता येते, यंत्र दुपटीने वेगात फिरू शकते आणि इंजिन मंद असतानाही बॅटरीला काही ना काही मिळत राहते. तयार होणारी वीज ए.सी. असते, ती आतल्या सहा डायोडांमधून गेल्यावर डी.सी. होते. स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड मिळू लागल्यावरच हे गाडीत शक्य झाले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या प्लायमाउथ व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर कायमचा दिला, आणि नंतर सगळीकडे तीच पद्धत रूढ झाली. आपल्याकडे मद्रासजवळच्या पाडीतील लुकास-टीव्हीएसचे डायनॅमो आणि नंतर अल्टरनेटर गावोगावच्या कारागिरांच्या हाताखालून गेले आहेत. आजही पुष्कळ कारागीर अल्टरनेटरलाही “डायनामा” म्हणतात, तेव्हा दुकानात सुटा भाग मागताना दोन्हींतला कोणता हवा ते स्पष्ट सांगावे.

जीपचा विषय निघालाच आहे तर आपल्या वाचकांना एक माहिती द्यावीशी वाटते. ज्या कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे नाव “महिंद्रा अँड मोहम्मद” असे होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनी “महिंद्रा अँड महिंद्रा” झाली. एम आणि एम ही अक्षरे मात्र तीच राहिली.

खरेदीपूर्वी तपासण्याच्या गोष्टी

गाडी किती व्होल्टची आहे ते पाहावे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप ६ व्होल्टची होती. लष्कराच्या लिलावातून आलेली काही वाहने २४ व्होल्टची असतात, आणि नगर हे चिलखती दलाचे गाव असल्याने अशी वाहने आपल्या भागात अधूनमधून दिसतात. बाजारात सहज मिळणारा अल्टरनेटर १२ व्होल्टचा असतो. ६ व्होल्टच्या गाडीत तो बसवायचा तर बॅटरी, सगळे बल्ब, कॉइल आणि वायपरची मोटर हे सर्व बदलावे लागेल. तो खर्च आधी मांडावा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. ब्रिटिश पद्धतीच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. आजचा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थिंगवरच चालतो. उलटी बॅटरी लावली की त्याचे डायोड क्षणात जळतात, दुरुस्तीला वावच राहत नाही. अशी गाडी आधी निगेटिव्ह अर्थिंगची करून घ्यावी. त्यात बॅटरीची टोके बदलावी लागतात, कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते, आणि जुना रेडिओ असेल तर तो काढून ठेवलेला बरा.

तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतो, कारण तिचा संबंध ब्रेकशी आहे. पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम अल्टरनेटरच्याच पाठीमागे बसवलेल्या छोट्या पंपातून मिळतो. पेट्रोल इंजिनासारखा तो डिझेलच्या मॅनिफोल्डमधून मिळत नाही. अशा गाडीत जास्त अँपिअर मिळतात म्हणून कोणी बिनपंपाचा अल्टरनेटर बसवला तर दिवे झगमगतील, पण ब्रेकचे पेडल दगडासारखे होईल. पाथर्डीचा बाजार करून करंजी घाट उतरताना, मागे गाठोड्यांचे ओझे असताना, ही गोष्ट कळून उपयोग नाही. अल्टरनेटरच्या मागून जाड रबरी नळी आणि तेलाची बारीक नळी निघते का, हे जुना भाग उतरवण्यापूर्वीच पाहून घ्यावे. निघत असेल तर नवा भागही पंपासहितच घ्यावा, दोन्ही नळ्या नव्या टाकाव्यात आणि गावातल्या सपाट रस्त्यावर ब्रेक तपासल्याशिवाय माल भरू नये.

अँपिअरचा मोह आवरावा. बाजाराच्या जीपला ४५ ते ६० अँपिअर पुरेसे होतात. ६० अँपिअर म्हणजे १४ व्होल्टच्या हिशोबाने ८४० वॅट, आणि यंत्रातला घसारा धरला तर इंजिनाकडून सुमारे दोन अश्वशक्ती खेचली जाणार. ती सगळी एका फॅन बेल्टवरून. त्याच बेल्टवर पंखा आणि पाण्याचा पंप असतो. बेल्ट घसरू लागला तर चार्जिंग तर जातेच, पण इंजिनही तापते. पुली एका रेषेत आहेत का हे पट्टी लावून पाहावे. बेल्टच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण अर्धा इंच दबला पाहिजे.

तारांचे काम

आता मुख्य मुद्दा. नवे यंत्र बसवणे हे दोन बोल्टचे काम आहे, आणि म्हणून कारागीर तेवढेच करून मोकळा होतो. डायनॅमोच्या तारा तो तशाच अल्टरनेटरला जोडतो. त्या तारा २२ अँपिअरसाठी टाकलेल्या असतात आणि तीस-चाळीस वर्षे तेल, धूळ आणि उन्हाने कडक झालेल्या असतात.

आमच्या परिचयाचे एक होजिअरीवाले आहेत. त्यांच्या जीपमध्ये असाच ६० अँपिअरचा अल्टरनेटर बसला, तारा मात्र जुन्याच राहिल्या आणि डॅशबोर्डवर ३० अँपिअरचा मूळचा अँमीटरही तसाच. एका संध्याकाळी बाजारात लाउडस्पीकर आणि दिवे लावून बॅटरी पार उतरली. धक्का मारून गाडी सुरू केली आणि परत निघाले. रिकामी बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, तसा तिने घेतला. दहा-बारा किलोमीटरवर डॅशबोर्डमागून धूर आला. अल्लाहची कृपा की सोबत पाना होता आणि बॅटरीची तार वेळेवर निघाली. सीटमागे बनियनची गाठोडी होती, त्यांतली दोन होरपळली. गाडीचा विमा होता, पण गाडीचा विमा आत भरलेल्या मालाला लागू होत नाही हे त्यांना त्या दिवशी समजले. मालाचा वेगळा विमा काढावा की नाही याबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत, त्यात आम्ही जात नाही. जाड तार घालण्याबाबत मात्र कोणाचे दुमत नसावे.

हे असे का होते? तांब्याच्या १ चौरस मिलीमीटर जाडीच्या, १ मीटर लांब तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत २ मीटर तार धरली आणि ती अडीच चौरस मिलीमीटरची असली, तर ५० अँपिअरला ०.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ३५ वॅट उष्णता तारेत मुरते. त्याच जागी १६ चौरस मिलीमीटरची तार घातली तर खर्च होतो फक्त ०.११ व्होल्ट. जोड सैल असेल तर प्रकरण आणखी वाईट. एका गंजलेल्या टर्मिनलचा रोध ०.०१ ओहम जरी असला तरी ५० अँपिअरला तेथे २५ वॅट उष्णता एकाच ठिकाणी निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरची सोल्डरिंगची सळई साधारण २५ वॅटचीच असते. ती पेटती ठेवून आपण सुती मालाचे गठ्ठे भरतो आहोत, असे समजावे.

तेव्हा अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून निघणारी तार नवी टाकावी. बारीक तंतूंची लवचिक १६ चौरस मिलीमीटरची तांब्याची केबल घ्यावी. घरातल्या फिटिंगची एकसंध तार घेऊ नये, इंजिनाच्या हादऱ्याने ती तुटते. ही केबल डॅशबोर्डकडे न नेता सरळ सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या, बॅटरीची जाड तार येते त्या बोल्टला जोडावी. बॅटरीच्या बाजूच्या टोकाजवळ योग्य क्षमतेचा जाड फ्यूज घालावा, कारण केबल कोठे घासून बॉडीला लागली तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून धावतो. टोकांना लग दाबून बसवावेत. हातोडीने चेपलेला लग म्हणजे दाबलेला लग नव्हे. त्यासाठीचा दाबयंत्राचा चिमटा मिळतो, आणि गाडीचे वायरिंग करणाऱ्या प्रत्येक कारागिराने तो घ्यावा. पत्र्यातून तार जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट असलाच पाहिजे.

जुना कटआउट आणि रेग्युलेटरचा डबा आता लागत नाही, कारण रेग्युलेटर बहुतेक अल्टरनेटरमध्ये आतच असतो. काही जण तो डबा तारा जोडण्याचा चौक म्हणून वापरतात. आमच्या मते तो काढून टाकावा, आणि डायनॅमोच्या फील्डची बारीक तारही टोक झाकून बांधून ठेवावी किंवा ओढून काढावी.

अँमीटरचे काय करावे? जुन्या रचनेत सेल्फ सोडून सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. नवी केबल सरळ बॅटरीला गेली की चार्जिंगचा प्रवाह त्याच्यातून जाणार नाही. काटा मग दिवे लावले की नेहमी उणे बाजूला झुकलेला दिसेल, आणि मालकाला वाटेल की अल्टरनेटर काम करत नाही. या गैरसमजापायी चांगले अल्टरनेटर उतरवले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. अँमीटरच्या जागी व्होल्टमीटर लावावा. तो स्वस्त असतो, त्याला बारीक तार पुरते आणि खरी हकीकत तोच सांगतो.

लाल दिव्याला किरकोळ समजू नये. इग्निशन चालू केल्यावर त्या बल्बमधून जाणारा थोडासा प्रवाहच अल्टरनेटरच्या चुंबकाला जागे करतो. बल्ब उडाला तर इंजिन खूप रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. हौसेने तेथे एलईडी लावला तरी तोच प्रकार होतो, कारण एलईडीतून पुरेसा प्रवाह जात नाही. तेथे दोन-सव्वादोन वॅटचा साधा बल्बच ठेवावा.

जेवढी जाड तार जाण्यासाठी, तेवढीच येण्यासाठी लागते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॅटरी असे दोन्ही अर्थिंगचे पट्टे नवे घालावेत, आणि जोडाच्या जागचा रंग व गंज पत्रा चमकेपर्यंत घासावा. दिव्यांसाठी रिले टाकावेत, म्हणजे हॅलोजनचा दहा अँपिअरचा भार डॅशबोर्डच्या जुन्या बटनावर येणार नाही. पालाखालच्या दिव्यांसाठी आणि लाउडस्पीकरसाठी वेगळा फ्यूज आणि वेगळी तार असावी. सिगारेटच्या पाकिटाची चांदी फ्यूजमध्ये गुंडाळण्याची आपल्याकडची सवय आता तरी सोडावी.

मालाची पारख आणि मजुरी

बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो. कंपनीचा नवा, कुर्ल्यासारख्या ठिकाणी मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला, आणि वाइंडिंग करून रंगवलेला. मोडीतला माल वाईटच असतो असे नाही. चांगल्या कारागिराने नवे बेअरिंग, नवे कार्बन आणि डायोड घालून दिलेला जुना अल्टरनेटर वर्षानुवर्षे चालतो. मात्र जुना माल रंग मारून नवा म्हणून विकणे हा उघड धोका आहे. मालातील दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा हा आपल्या दीनचा दंडक कापडाला जसा लागू आहे तसा सुट्या भागांनाही आहे. आपले अनेक बंधू या धंद्यात आहेत, त्यांनी पावतीवर “नवा” किंवा “दुरुस्त केलेला” असे स्पष्ट लिहून द्यावे. गिऱ्हाईक त्या दुकानातच परत येते असा कापड बाजारातला आमचा अनुभव आहे.

घेणाऱ्यांनीही मजुरीत घासाघीस करताना विचार करावा. नीट वायरिंगला पूर्ण दिवस जातो. अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन पूर्ण दिवसाचे काम मागितले की कारागीर जुनीच तार ठेवतो, आणि यात दोष एकट्या त्याचा नसतो.

काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी कारागिरासमोर मीटर लावून पाहावे. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू करून थोडे रेस केले की १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसले पाहिजेत. नंतर सगळे दिवे आणि वायपर लावून पुन्हा पाहावे. १३.२ च्या खाली आले तर बेल्ट, जोड किंवा अर्थिंग तपासावे. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी उडून जाईल. शेवटी मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टला आणि दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावे. सगळा भार चालू असताना तेथे पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटेत कोठेतरी जोड कच्चा आहे. हाताने चाचपले तर तो गरम लागेल.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून “चार्जिंग बघण्याची” जुनी रीत डायनॅमोबरोबरच सोडून द्यावी, तिने अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर उडतात. गाडीला वेल्डिंग करायचे असेल तेव्हा बॅटरीची आणि अल्टरनेटरची तार दोन्ही सोडवून ठेवाव्यात. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत ढिला पडतो, तेव्हा महिनाभरात तो एकदा पुन्हा ताणून घ्यावा. आणि कोणती तार कोठून कोठे गेली याचा एक साधा नकाशा कारागिराकडून काढून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. रात्री परगावी गाडी बंद पडली तर तेथला कारागीर तो पाहून काम करील.